तगरीवर शिंगवाली हिरवी अळी आलीय, फवारू की राहू देऊ? (कोल्हापूर)

सांजवात | १२ जुलै, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. आम्ही कळंबा रस्त्याला राहतो. अंगणात तगरीचं जुनं झाड आहे, सासूबाईंनी लग्न होऊन आल्यावर लावलेलं. त्यांची रोजची पूजा त्याच फुलांवर चालते. चार दिवस झाले, सकाळी झाडताना तगरीखालच्या शहाबादीवर काळपट हिरव्या लेंड्या सापडतायत. मिऱ्यापेक्षा मोठ्या आणि लांबट. आधी वाटलं घूस फिरतेय. आज एक उचलून उजेडात धरली तर तिच्या अंगावर उभ्या खाचा, साच्यातून काढल्यासारख्या सारख्या अंतरावर. मग वर बघितलं.

फांदीला उलटी लटकलेली हिरवीगार अळी, माझ्या मधल्या बोटाएवढी जाड आणि लांब. शेपटाकडं नारिंगी पिवळं आखूड शिंग, टोक काळं. फांदी हलल्याबरोबर तिनं तोंड आत ओढलं, पुढचा भाग फुगवला आणि दोन निळे डोळे माझ्याकडं रोखले. हातातला झाडू सुटला माझ्या. शेंड्याकडच्या तीन फांद्यांना एक पान शिल्लक नाही. नीट शोधल्यावर अजून एक अळी सापडली.

ह्यांनी फवारायचं औषध आणून ठेवलंय. बागेचं बघायला येणारे मामा म्हणतात, "वहिनी, ही विषारी जात. अंगावर पडली की फोड येतात." सासूबाई फुलांसाठी कासावीस आहेत. आणि सहावीतली लेक म्हणतेय, मारायची नाही. फोटो जोडते. उद्या सकाळपर्यंत काय ते ठरवायचंय, कुणाला माहिती असेल तर सांगा.

---

रानवाट | १२ जुलै, रात्री १०.२५

ताई, बाटली उघडू नका. फोटो स्पष्ट आहे, शंकेला जागा नाही. ही कण्हेरीवरच्या हॉक मॉथची, म्हणजे स्फिंक्स कुळातल्या पतंगाची अळी. शास्त्रीय नाव डॅफ्निस नेरी. नेरी हे कण्हेरीच्या नेरियम या नावावरून आलं. लिनियसनं १७५८ साली नाव दिलं तेव्हापासून कण्हेर त्याला चिकटली आहे, पण आपल्याकडं गावात, अंगणात ही अळी कण्हेरीपेक्षा तगरीवरच जास्त भेटते. सदाफुली, सप्तपर्णी, कुंडीतलं अडेनियम, हेही चालतं. सगळी एकाच कुळातली झाडं.

फोडांचं म्हणाल तर ते केसाळ सुरवंटांमुळं येतात. हिच्या अंगावर केस नाहीत, काटे नाहीत. शिंग मऊ आहे, बोटाला टोचतसुद्धा नाही. चावत नाही. ते निळे डोळे खरे डोळे नव्हेत. डोक्यामागच्या तिसऱ्या वलयावर ते ठिपके असतात, मध्ये पांढरट निळे आणि भोवती काळी कड. एरवी कातडीच्या घडीत निम्मे झाकलेले असतात. धोका वाटला की अळी डोकं आत घेते, घडी ताणली जाते आणि ठिपके उघडे पडतात. बुलबुलाला क्षणभर समोर साप आहे असं वाटलं तरी तिचं काम झालं. खरं डोकं त्याच्या पुढं असतं, लहानसं, गोल.

स्फिंक्स हे नावही बसण्याच्या या तऱ्हेवरून आलं. या कुळातल्या बऱ्याच अळ्या अंगाचा पुढचा भाग उचलून, मान वाकवून दगडासारख्या स्थिर होतात. इजिप्तमधला तो बसलेला सिंह आठवा.

तुमच्या दोन्ही अळ्या शेवटच्या टप्प्यात आहेत. साडेसात-आठ सेंटीमीटर झाल्या की त्यांचं खाणं थांबतं. म्हणजे तीन-चार दिवसांत त्या आपोआप झाड सोडतील. जुन्या तगरीला दोन अळ्यांनी काही होत नाही. पावसाळा आहे, पंधरा दिवसांत त्या फांद्यांना नवी पालवी येईल आणि कळ्याही धरतील.

---

पंचगंगाकाठ | १२ जुलै, रात्री ११.०५

रानवाट दादा, एक विचारतो. कण्हेर तर जहर. माझ्या मामाच्या गावात कुणीतरी कुंपणाची कण्हेर छाटून फांद्या बांधावर टाकल्या. म्हशीनं वैरणीबरोबर खाल्ल्या आणि दुसऱ्या दिवशी दावणीलाच आडवी झाली. दुभती म्हैस होती, मामी आठ दिवस गोठ्यात गेली नाही. तेव्हापासून आमच्या घरात कण्हेरीची काडीसुद्धा आणत नाहीत. मग ही बोटभर अळी तेच पान खाऊन जगते कशी? आणि तिच्या अंगात ते विष साठत असेल तर लहान मुलीनं हात लावावा का?

---

फळा_खडू | १३ जुलै, सकाळी ७.१५

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण दरवर्षी वर्गात कुणीतरी हाच विचारतं. मी जीवशास्त्र शिकवते.

कण्हेरीत ओलिअँड्रिन आणि त्याच जातीची इतर द्रव्यं असतात. आपल्या प्रत्येक पेशीच्या बाहेरच्या पडद्यात एक पंप असतो, तो सोडियम बाहेर टाकतो आणि पोटॅशियम आत घेतो. हृदयाचे ठोके ताळ्यावर राहतात ते या पंपाच्या जोरावर. कण्हेरीचं विष नेमकं त्या पंपाला जाऊन चिकटतं. म्हैस असो, शेळी असो, माणूस असो, ठोका चुकतो. पान वाळलं तरी विष जात नाही, म्हणून छाटलेल्या फांद्या जनावरांपासून लांब टाकायच्या. चुलीतही घालू नयेत, धूर बाधतो.

आता अळीचं. सोपा तर्क असा की हिचा पंप वेगळा असणार, विषाला दाद न देणारा. काही कीटकांत तसं खरंच असतं. पण २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या अळीचा पंप तपासला तर तो विषाला चांगलाच बळी पडणारा निघाला. म्हणजे तिचं शहाणपण पंपात नाही, दुसरीकडं कुठंतरी आहे. विष पानाबरोबर आत येतं, पण अंगात साठून राहत नाही.

यातून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. अळी विष साठवत नाही, त्यामुळं तिला खाणाऱ्या पक्ष्याला काही होत नाही. रुईवर वाढणारा बिबळ्या कडवा आठवा. त्याच्या अंगात रुईचं विष असतं, म्हणून तो भगवा रंग घेऊन भर उन्हात निवांत फिरतो. आमच्या या अळीजवळ असं संरक्षण नाही. तिला लपावंच लागतं. ती इतकी पानासारखी हिरवी का, दोन्ही बाजूंना ती पांढरी रेघ का, तर पानाच्या शिरेसारखी दिसावी म्हणून. चार दिवस झाडाखाली लेंड्या पडत होत्या तरी अळी दिसली नाही ती त्यामुळंच.

मुलीला हात लावू दे. नंतर हात साबणानं धुवायचे, तगरीचा चीकही डोळ्यात जाऊ नये.

---

सांजवात | १३ जुलै, सकाळी १०.५०

सगळ्यांचे मनापासून आभार. औषध परत केलं. सासूबाईंना फळा_खडू ताईंचं लिहिलेलं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "चार दिवस जास्वंद वाहीन की." लेक दोन्ही अळ्या घरात वाढवायच्या म्हणतेय. कसं करायचं?

---

रानवाट | १३ जुलै, दुपारी १.३०

मोठा बॉक्स घ्या, चपलेचा नको, उंच हवा. वरून मच्छरदाणीचा तुकडा रबरानं बांधा. पानं तगरीचीच द्या. तगरीवर वाढलेल्या अळीला या वयात कण्हेर देऊ नका, ती बऱ्याचदा खायचंच सोडते. पानं पुसून द्या, पाणी ठेवू नका, लेंड्या रोज काढा. ओल राहिली की बुरशी धरते आणि बुरशीनं अळी जाते.

एका कोपऱ्यात चार बोटं वाळका पालापाचोळा टाका. या कुळातल्या पुष्कळ अळ्या जमिनीत खोल शिरतात, ही तशी नाही. ती पाचोळ्यातच, मातीच्या पृष्ठावर, चार रेशमी धागे ओढून पानं जवळ घेते आणि आत कोष करते. आणि बॉक्सच्या बाजूला एक खरबरीत काठी तिरकी टेकवून ठेवा. पतंग बाहेर आला की त्याला चढायला आणि लटकायला जागा लागते. गुळगुळीत भिंतीवरून घसरत राहिला तर पंख वाकडेच वाळतात आणि मग तो जन्मभर उडत नाही.

---

उचगावची_रोपं | १४ जुलै, रात्री ८.१०

सगळं वाचलं. तुमचं बरोबर आहे, पण आमची बाजू पण ऐका की. माझी रोपवाटिका आहे. अंगणातल्या मोठ्या तगरीला दोन अळ्या म्हणजे काय नाय. माझ्याकडं पिशवीत हातभर उंचीची रोपं असत्यात. एका रोपावर एक अळी बसली की दोन रात्रीत नुसती काडी उरती. मागल्या पावसाळ्यात एका आठवड्यात चाळीसभर पिशव्या गेल्या. अडेनियम तर म्हागाचं, त्येचं पान संपलं की ही पोर कोवळा शेंडा पण कुरतडती.

पहिली दोन वर्षं मी बी फवारायचो. मग बघितलं की फवारलं की कोळी मरत्यात, गांधीलमाशी येत नाय, आणि पुढच्या म्हयन्यात पांढरी माशी आणि पिठ्या ढेकूण दुप्पट. आता रात्री बॅटरी घेऊन फिरतो. दिवसा लपती ती रात्री पानाच्या कडंला बसून खाताना बरोबर घावती. खाली ताजी लेंडी असली की सरळ वर बघायचं. उचलायची, डब्यात टाकायची आणि वढ्याकडंला जुनी कण्हेरीची रांग हाय तिकडं नेऊन सोडायची. रानवाट दादा म्हणत्यात मोठी अळी कण्हेर खात नाय, तर इथून पुढं ल्हान हाईत तवाच उचलीन. पोरगा पण येतो संगं. त्येला आता अंडं सुदिक वळखता येतं.

---

फळा_खडू | १४ जुलै, रात्री ९.००

उचगावच्या दादा, तुमचा अनुभव सोन्यासारखा आहे. रोजीरोटी रोपांवर असताना अळी उचलून दुसरीकडं नेऊन सोडणं ही साधी गोष्ट नाही. ओढ्याकडेला तगरीची एक-दोन जुनी झाडं असतील तर मोठ्या अळ्या तिथं सोडता येतील. अंड्याचं जरा सविस्तर लिहाल का? बहुतेकांनी ते कधी बघितलेलंच नसतं.

---

उचगावची_रोपं | १४ जुलै, रात्री ९.४०

राजगिऱ्याच्या दाण्याहून जरा मोठं, फिकट हिरवं, गुळगुळीत. कोवळ्या पानावर एकएकटं, बऱ्याचदा खालच्या अंगाला. पुंजका नसतो कधी. आमच्याकडं तीन ते पाच दिवसांत फुटतं. निघालेली अळी बघाल तर इस्वास बसणार नाय की हीच पुढं हिरवी व्हती. पिवळीजर्द, तीन-चार मिलिमीटर, दोऱ्याचा तुकडा पडल्यावानी. आणि शेपटाला काळं शिंग, केसावानी बारीक, अंगाएवढं लांब. पुढं ती हिरवी होत जाती आणि शिंग आखडत जातं.

---

पंचगंगाकाठ | १५ जुलै, दुपारी १२.२०

हे वाचून एक आठवलं. गोकुळ शिरगावला रात्रपाळीला होतो तेव्हा गेटजवळच्या मोठ्या दिव्याखाली भिंतीवर एक पतंग बसलेला असायचा. तळहाताएवढा, पोपटी आणि गर्द हिरवा, मध्ये गुलाबी पट्टा. जवळ गेलो तर वाटायचं कुणी रंगीत खडूंनी हळूहळू रेखाटलाय. मोबाइलमध्ये फोटो आहे, तीन वर्षं वॉलपेपर तोच होता. हा तोच का?

---

रानवाट | १५ जुलै, रात्री ९.१५

तोच. फोटो बघितला, फार सुंदर आलाय. सगळ्यांसाठी थोडं वर्णन करतो.

पंख पसरून टोकापासून टोकापर्यंत नऊ ते अकरा सेंटीमीटर. पुढच्या पंखांवर हिरव्याच्या चार-पाच छटा एकमेकींत वाहत गेलेल्या, मध्ये गुलाबीसर पांढरा आडवा पट्टा, बाहेरच्या बाजूला जांभळट झाक. पंख अंगाला जोडतो तिथं फिकट गोल आणि त्यात गडद हिरवा ठिपका, डोळ्यासारखा. मागचे पंख बसल्यावर दिसत नाहीत, ते करड्या-तपकिरी रंगाचे, कडेला हिरवट. धड जाड आणि शेवटाला निमुळतं. बसल्यावर सगळा आकार विमानासारखा दिसतो. दिवसा पानांत बसला तर हात लागेपर्यंत कळत नाही. सिमेंटच्या भिंतीवर मात्र हे सगळं वाया जातं, सकाळी कावळे आणि सातभाई एकेक टिपून नेतात. रात्रभर जळणारे पांढरे दिवे त्याला तिथं ओढून आणतात. तुमच्या गेटचा दिवा खाली तोंड करून, थोडा पिवळा लावता आला तर खूप जीव वाचतील.

पंचगंगाकाठ, म्हणजे बघा, तीन वर्षं ज्याचा फोटो तुम्ही जपला त्याचीच अळी लोक दर पावसाळ्यात तगरीवर मारतात. दोन्ही एकच आहेत हे कुणी सांगितलेलं नसतं. मला या धाग्यातून एवढंच व्हायला हवंय. अंडं, पिवळा दोरा, हिरवी अळी, कोष आणि पतंग हे पाचही चेहरे लोकांनी ओळखावेत.

---

नेकार_किनारी | १६ जुलै, पहाटे २.३०

मी मूळचा मंगळवार पेठेतला, आता नोकरीमुळं दक्षिण जर्मनीत. हा पतंग इथं दिसला की लोक एकमेकांना फोन करतात. तो इथला नाहीच. भूमध्य समुद्राच्या दक्षिणेकडून, आफ्रिकेकडून एखाद्या गरम उन्हाळ्यात आल्प्स ओलांडून येतो. हजाराहून जास्त किलोमीटर उडत येणारा किडा! इथं लोक हौसेनं कुंड्यांत कण्हेर लावतात, त्यावर अंडीही घालतो. पण पहिल्या थंडीत कोष गारठून मरतात, म्हणून इथं त्याचं घर कधी होत नाही. माझे शेजारी वीस वर्षं वाट बघतायत आणि अजून त्यांना एकही दिसलेला नाही. मी सांगितलं की आमच्या आईच्या तगरीवर दर पावसाळ्यात असतात, तर त्यांनी पुन्हापुन्हा विचारून खात्री करून घेतली.

---

रानवाट | १६ जुलै, सकाळी ८.००

छान माहिती. एकूण पसारा असा धरा. आफ्रिका, पश्चिम आशिया, आपला सगळा उपखंड, श्रीलंका आणि पुढं आग्नेय आशिया. माणसानं लावलेल्या कण्हेरी-तगरींच्या मागोमाग तो पॅसिफिकमधल्या हवाई बेटांपर्यंत पोचला आणि तिथं स्थिरावला. आपण स्वतःच त्याला रस्ता करून देतो. पुणे-बंगळूर महामार्गाच्या दुभाजकात मैलोन् मैल कण्हेर आहे. गुरं तोंड लावत नाहीत, पाणी लागत नाही म्हणून लावतात. या पतंगासाठी ती न संपणारी पंगत आहे.

आणि एक जवळची गोष्ट. या कुळावरचा भारतातला मूळ अभ्यास आपल्या शेजारी, कारवारच्या जंगलात झालाय. टी. आर. बेल हे वनखात्यातले अधिकारी. त्यांनी वर्षानुवर्षं अळ्या आणून पाळल्या, कोणती कुठलं झाड खाते, कोष कुठं करते हे टिपून ठेवलं. स्कॉट यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेला या कुळावरचा खंड १९३७ साली निघाला आणि आजही अडलं की तोच उघडावा लागतो. सांजवात ताई, तुमची लेक बॉक्सपुढं वही घेऊन बसली असेल तर ती बेलसाहेबांचंच काम करतेय.

---

सांजवात | १६ जुलै, रात्री १०.१०

वही आहेच! आज सकाळी पहिल्या अळीचा रंग बदलला. पाठ तपकिरी-काळपट झाली, बाजूंना नारिंगी झाक आली. पान समोर असून खात नव्हती, नुसती बॉक्सभर धावत होती. आम्ही घाबरलो, मग वर लिहिलेलं आठवलं. संध्याकाळपर्यंत पाचोळ्यात शिरली.

दुसरी मात्र सुस्त आहे. तिच्या बाजूला दोन काळे डाग आहेत, टाचणी टोचल्यासारखे.

---

सांजवात | १९ जुलै, रात्री ९.३०

दुसरी गेली. काल सकाळी ती काठीला मागच्या पायांनी लटकून ढिली पडली होती. दुपारी तिच्या अंगातून पांढऱ्या सहा अळ्या बाहेर आल्या, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोड्या जाड, आणि पाचोळ्यात गेल्या. आज तिथं तपकिरी बोंडं दिसतायत. लेक खूप रडली. काल वहीत काही लिहिलं नाही तिनं. आमच्याकडून काही चुकलं का?

---

फळा_खडू | १९ जुलै, रात्री १०.०५

काही चुकलं नाही. तुमच्याकडं येण्याआधीच तिच्यावर एका माशीनं अंडी घातली होती. रेशीमवाले शेतकरी जिला उझी माशी म्हणतात आणि जिला फार भितात, तिच्याच कुळातली ही माशी. तिच्या अळ्या आत राहून वाढतात, ते काळे डाग म्हणजे त्या आत शिरल्याच्या खुणा. काही बारीक गांधीलमाश्याही असंच करतात, काही तर थेट पतंगाच्या अंड्यातच स्वतःचं अंडं घालतात. तगर दरवर्षी पार उघडी पडत नाही, त्याला हे सगळे कारण आहेत.

मुलीला सांगा, रडायला येणं बरोबर आहे. आणि ती तपकिरी बोंडं टाकू नका, बरणीत ठेवून वर फडकं बांधा. दहा-बारा दिवसांत माश्या निघतील, त्याही वहीत लिहायच्या. रेशीम करणारं कुणी जवळपास नसेल तर सोडून द्या.

---

ताराबाई_पार्क | २१ जुलै, दुपारी ४.००

मध्येच विचारते. आमच्या सदाफुलीवर दिवसाढवळ्या एक किडा हवेत थरथरत मध पितो, पंख पारदर्शक, बूड पिवळं-तांबडं. मैत्रीण म्हणते हमिंगबर्ड आहे. हाच का?

---

रानवाट | २१ जुलै, सायंकाळी ७.२०

हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत असतात, आपल्याकडं नाहीत. तुम्ही पाहिला तो याच कुळातला, पण दिवसा उडणारा आणि काचेसारख्या पंखांचा पतंग. त्याची अळी अनंताच्या झाडावर सापडेल. त्याच कुळात तिळावर वाढणारा, पाठीवर कवटीसारखी खूण असलेला आणि पकडल्यावर चिरकणारा पतंगही आहे. त्यावर वेगळा धागा काढू, इथं तगरीचंच चालू द्या.

---

सांजवात | २६ जुलै, रात्री ८.५०

कोष पाचोळ्यात छान आहे. साधारण सहा सेंटीमीटर, फिकट तपकिरी, तोंडाकडून एक काळी रेघ गेलीय आणि दोन्ही बाजूंना काळे ठिपके ओळीनं. लेकीनं हळूच बोट लावलं तर शेपूट हलवलं. दोन दिवसांपासून रंग गडद होतोय. आज आतल्या पंखांची हिरवी नक्षी पातळ कागदातून दिसावी तशी दिसतेय!

---

सांजवात | ३० जुलै, रात्री ११.४०

निघाला!!

काल रात्री साडेअकराला लेक पाणी प्यायला उठली आणि तिनंच आवाज ऐकला, वाळलं पान चुरगाळल्यासारखा. कोष डोक्याकडून फाटला होता. आतून ओला, गबाळा जीव बाहेर पडला, पंख दोन बारीक दुमडलेल्या चिंध्यांसारखे, नखाएवढे. मला वाटलं अपंग आहे. तो काठीपर्यंत चालत गेला, वर चढला, पाठ खाली करून लटकला आणि पंख वाढायला लागले. डोळ्यांदेखत! जसं रक्त भरत जाईल तसा एकेक पट्टा उलगडत होता, आधी गुलाबी दिसला, मग हिरवा, मग तो डोळ्यासारखा ठिपका. अर्ध्या तासात पूर्ण. सासूबाई देवघरातलं निरांजन घेऊन आल्या आणि शेजारी बसून राहिल्या. मग त्यानं मागून तांबूस पाण्याचा एक थेंब सोडला आणि स्थिर झाला.

आज दिवसभर हलला नाही. संध्याकाळी दिवेलागणीनंतर त्याला काठीसकट फाटकावरच्या मधुमालतीपाशी नेलं. तो जागीच पंख थरथरवायला लागला. इतक्या जोरात की काठीतून माझ्या हातापर्यंत झिणझिण्या आल्या. दोन-तीन मिनिटं तसंच. मला वाटलं घाबरला. आणि एकदम सुटला. मधुमालतीच्या एका फुलापुढं हवेत थांबला, लांब सोंड नळीत घातली, मागं सरकला, दुसऱ्या फुलाकडं गेला. पंख दिसत नव्हते, नुसता घुंकार. मग छपरावरून कळंब्याच्या दिशेनं गेला.

ती थरथर कशासाठी होती?

---

फळा_खडू | ३१ जुलै, सकाळी ७.००

वाचून डोळे भरून आले ताई. ती थरथर म्हणजे अंग तापवणं. उडायचे स्नायू गरम झाल्याशिवाय इतकं जड धड हवेत तोलता येत नाही. पावसाळी गार संध्याकाळी त्याला जास्त वेळ थरथरावं लागतं.

मधुमालती अगदी योग्य निवडलीत. फुलांची लांब बारीक नळी, अंधारात पांढरा रंग, संध्याकाळी सुटणारा वास, हे सगळं लांब सोंडेच्या अशा पाहुण्यांसाठीच. बूच, सोनटक्का, निशिगंध, सगळ्यांचं तेच. पपईचं परागीभवनसुद्धा हे पतंग करतात. आणि अंधारात ते आपल्यासारखे आंधळे होत नाहीत. याच कुळातल्या एका युरोपातल्या पतंगावर २००२ साली प्रयोग झाले, तेव्हा तो नुसत्या चांदण्यांच्या उजेडातही रंग ओळखतो असं दिसलं.

---

उचगावची_रोपं | ३१ जुलै, दुपारी २.१५

ताई, पोरीला तगरीचं एक रोप देतो माझ्याकडनं. कधी पण या उचगावला. बिनफवारलेलं हाय, पानाच्या खाली बघून घ्या म्हंजे झालं.

---

सांजवात | ८ ऑगस्ट, सायंकाळी ६.३०

रोप आणलं, कुंडीत लावलं. दादा, पैसे घेतले नाहीत तुम्ही, लेकीनं तुमच्यासाठी वहीतलं पतंगाचं चित्र काढून ठेवलंय, पुढच्या रविवारी घेऊन येतो.

जुन्या तगरीच्या उघड्या फांद्यांना तांबूस हिरवी पालवी फुटलीय. परवा सासूबाई फुलं काढायला गेल्या आणि तिथूनच हाक मारली. शेंड्याच्या कोवळ्या पानाखाली राजगिऱ्याएवढं हिरवं अंडं, शेजारच्या फांदीवर आणखी एक. आज सकाळी पहिलं फुटलं. पिवळा दोरा, काळं केसासारखं शिंग, स्वतःच्याच अंड्याचं टरफल खात बसलेला. सासूबाईंनी त्या फांदीला देवाचा लाल दोरा बांधलाय, मामांनी चुकून छाटू नये म्हणून.